घरात मॉनिटर आहे, मग लॅपटॉप किती इंची?

हातकणंगले तालुक्यातील हुपरी हे गाव चांदीच्या दागिन्यांसाठी ओळखले जाते. पैंजण, जोडवी, करदोडे, घुंगरू असे दागिने इथे घरोघरी घडतात. मांडी घालून बसायचे, चिमट्यात बारीकसा घुंगरू धरायचा आणि डोळ्यांजवळ आणून त्याला डाग द्यायचा, असे हे काम. ते करणाऱ्याला दोन गोष्टी वेगळ्या शिकवाव्या लागत नाहीत. एक म्हणजे, बारीक दिसत नसले की माणूस आपोआप पुढे वाकतो. दुसरी, दिवसभर तसे वाकून बसले की संध्याकाळी मान धरते.

अशा एका घराची कल्पना करू. वडील चांदीकाम करतात. मुलगी पुण्याच्या कंपनीचे काम घरी बसून करते आणि महिन्यातून तीन-चार दिवस पुण्याला जाऊन येते. २०२० च्या टाळेबंदीत घेतलेला २४ इंची मॉनिटर तिच्या टेबलावर आहे. जुना लॅपटॉप दमला आहे, नवा घ्यायचा आहे. कोल्हापूरच्या दुकानात १४ इंची आणि १६ इंची असे दोन पर्याय समोर आले आहेत. धाकटा भाऊ म्हणतो, "ताई, सोळाचाच घे की. मान दुखते, डोळे दुखतात म्हणून रोज बोंबलतेस." वडिलांचा हिशेब वेगळा, "अगं, टेबलावर एवढा मोठा हाय की! मग ह्यो बी मोठाच कशाला?"

दोघांचेही म्हणणे वरवर पटते. पैसे मोजण्यापूर्वी मात्र एक गोष्ट समजून घ्यायला हवी. स्क्रीनचे इंच वाढल्याने मान आणि डोळे यांचे नेमके काय भले होते आणि काय होत नाही?

इंचांचा हिशेब

स्क्रीनचे इंच म्हणजे तिच्या एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंतचे तिरपे अंतर. हल्लीच्या बऱ्याच लॅपटॉपच्या ठेवणीनुसार १४ इंची स्क्रीन सुमारे ३० सेंटिमीटर रुंद आणि १९ सेंटिमीटर उंच असते. १६ इंची स्क्रीन साडेचौतीस सेंटिमीटर रुंद आणि साडेएकवीस सेंटिमीटर उंच. म्हणजे दोन इंच जास्त घेतले की रुंदी सव्वाचार आणि उंची अडीच-पावणेतीन सेंटिमीटरने वाढते. क्षेत्रफळ सुमारे ३० टक्क्यांनी वाढते.

आता टेबलावरच्या मॉनिटरकडे पाहू. नेहमीचा २४ इंची मॉनिटर ५३ सेंटिमीटर रुंद आणि ३० सेंटिमीटर उंच असतो. क्षेत्रफळात तो १४ इंची लॅपटॉपच्या पावणेतीन पट आणि १६ इंचीच्याही दुपटीहून थोडा मोठा भरतो. मॉनिटर जोडलेला असताना लॅपटॉप कोणताही असो, त्याची स्क्रीन धाकटीच राहणार. वडिलांच्या बोलण्यातले तथ्य ते हेच.

अर्थात डोळ्याला स्क्रीन किती मोठी दिसते हे तिच्या अंतरावरही ठरते. ५० सेंटिमीटरवर ठेवलेली १४ इंची स्क्रीन डोळ्याला ६५ सेंटिमीटरवरच्या साधारण १८ इंची स्क्रीनएवढी दिसते. त्यामुळे नुसते इंच सांगून भागत नाही. ती स्क्रीन डोळ्यांपासून किती लांब आणि किती उंचीवर असणार आहे, हेही सांगावे लागते.

मानेला इंच कळत नाहीत, उंची कळते

झाकणासारखा उघडणारा लॅपटॉप जन्माला आला तो १९८२ साली, अमेरिकेतल्या 'ग्रिड कंपास' या यंत्राच्या रूपाने. ब्रिटिश डिझायनर बिल मॉग्रिज यांनी स्क्रीन आणि कीबोर्ड बिजागरीने जोडले आणि संगणक बॅगेत मावू लागला. आजही प्रत्येक लॅपटॉप त्याच बिजागरीवर उघडतो. ही सोय शरीराला मात्र महागात पडते. स्क्रीन डोळ्यांसमोर हवी असते आणि कीबोर्ड कोपराच्या उंचीवर. दोन्ही एकमेकांना जखडलेले असल्यामुळे एकाला जागेवर ठेवले की दुसरे चुकीच्या जागी जाते. बहुतेक जण हातांची सोय पाहतात आणि मान खाली घालतात.

किती खाली, ते मोजता येते. खुर्चीत ताठ बसलेल्या मध्यम उंचीच्या माणसाचे डोळे टेबलाच्या पृष्ठभागापासून साधारण ४५ सेंटिमीटर वर असतात. मॉनिटरची वरची कड डोळ्यांच्या रेषेत किंवा किंचित खाली असावी, असा सर्वसाधारण सल्ला आहे. टेबलावर उघडून ठेवलेल्या १४ इंची लॅपटॉपची वरची कड जेमतेम २० सेंटिमीटर उंचीवर येते. म्हणजे २५ सेंटिमीटर कमी पडतात. १६ इंची घेतला तर यातले फार तर अडीच-तीन सेंटिमीटर भरून निघतात, बाकीचे तसेच राहतात. मान दुखते म्हणून दोन इंच मोठा लॅपटॉप घेणे हा भावाचा सल्ला इथे फसतो.

माणसाच्या डोक्याचे वजन साडेचार ते पाच किलो असते. डोके सरळ असताना हा भार मणक्यांवर नीट तोलला जातो. मान पुढे झुकली की तेच डोके धरून ठेवायला मानेच्या मागच्या स्नायूंना कितीतरी जास्त ओढ द्यावी लागते. २०१४ साली अमेरिकेतील मणक्याचे शल्यविशारद केनेथ हंसराज यांनी संगणकीय प्रतिमानावर हा हिशेब मांडला होता. मान ६० अंशांत वाकवली तर मणक्यावर येणारा भार सुमारे २७ किलोपर्यंत जातो, असे त्यात निघाले. हा आकडा प्रत्यक्ष माणसांवर मोजलेला नाही, त्यामुळे तो तंतोतंत धरू नये. पण वाकणे वाढले की भार झपाट्याने वाढतो, ही दिशा बरोबर आहे.

घरात मॉनिटर आहे त्याच्याकडे यावरचा उपाय आधीच आहे. मॉनिटर योग्य उंचीवर ठेवता येतो आणि कीबोर्ड वेगळा जोडता येतो. वेगळा कीबोर्ड आणि माऊस हजार रुपयांच्या आत मिळतात, मॉनिटर उंच करायला जुनी जाड पुस्तकेही चालतात. मोठ्या लॅपटॉपपेक्षा मानेचे भले या खर्चातून जास्त होते. काही जण मात्र मॉनिटर विकत घेतात आणि टाइप करतात लॅपटॉपवरच. मग लॅपटॉप समोर राहतो, मॉनिटर बाजूला जातो आणि मान दिवसभर एकीकडे वळलेली राहते. वाकण्याचा त्रास टळला तरी पिळवटण्याचा नवा त्रास सुरू होतो.

डोळ्यांना हवे मोठे अक्षर

दृष्टी उत्तम असली तरी दिसते ते प्रत्येक अक्षर दिवसभर आरामात वाचता येतेच असे नाही. आरामात वाचायला अक्षर किमान दिसण्यापुरत्या आकाराच्या तीन-चार पट मोठे लागते. मोजमापात सांगायचे तर ५० सेंटिमीटरवरून वाचताना इंग्रजी कॅपिटल अक्षराची उंची स्क्रीनवर सुमारे ३ मिलिमीटर असावी आणि ६५ सेंटिमीटरवरून सुमारे ४ मिलिमीटर. साधी पट्टी स्क्रीनला लावून हे पाहता येते. देवनागरीसाठी थोडे अधिकच मोठे अक्षर बरे. अनुस्वार, रफार, उकार हे सारे अक्षराच्या वरखाली छोट्याशा जागेत बसवलेले असतात आणि वाचणाऱ्याचा डोळा तिथेच अडखळतो.

अक्षराचा आकार सेटिंगमध्ये जाऊन वाढवता येतो, त्यासाठी मोठी स्क्रीन लागत नाही. अक्षर मोठे केले की एका वेळी स्क्रीनवर मावणारा मजकूर कमी होतो, हे खरे. १६ इंचीचा खरा फायदा इथे आहे. तेवढ्याच मोठ्या अक्षरात तिच्यावर जास्त मजकूर दिसतो. पण जास्त मजकूर एका नजरेत पाहायचे काम घरच्या मॉनिटरवर होणार असेल, तर या फायद्याची गरज टेबलावर उरत नाही.

अंतराचे शास्त्रही जाणून घ्यावे. जवळचे पाहताना डोळ्याच्या आतले भिंग फुगीर व्हावे लागते. ही ताकद डायॉप्टरमध्ये मोजतात. ५० सेंटिमीटरवर पाहायला २ डायॉप्टर लागतात, तर २५ सेंटिमीटरवर ४. दहाव्या वर्षी ही ताकद १४ डायॉप्टरच्या आसपास असते. पन्नाशीत ती २ च्या आसपास येते. म्हणून पंचविशीतली मुलगी लॅपटॉप कितीही जवळ घेऊन वाचते आणि तिचे वडील तोच मजकूर हात लांब करून पाहतात. तरुण डोळ्यालाही ताकद सतत ताणून ठेवणे झेपत नाही. संध्याकाळी लांबचे धूसर दिसणे, कपाळ जड होणे ही त्याची लक्षणे. मॉनिटर ६५ सेंटिमीटरवर, म्हणजे साधारण हात पसरून बोटे टेकतील इतक्या अंतरावर ठेवला की हा ताण कमी होतो.

डोळ्यांची जळजळ आणि खुपणे यांचे कारण बहुधा वेगळे असते. १९९३ साली जपानी डॉक्टरांनी 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये १०४ कार्यालयीन कर्मचाऱ्यांची एक पाहणी मांडली. निवांत असताना ही माणसे मिनिटाला सरासरी २२ वेळा पापण्या मिटत होती, पुस्तक वाचताना १० वेळा आणि संगणकावर फक्त ७ वेळा. पापणी मिटली नाही की अश्रूंचा पातळ थर वाळतो. स्क्रीन फार उंच असेल तर डोळे जास्त उघडे राहतात आणि वाळणे वाढते. मॉनिटरची वरची कड डोळ्यांच्या रेषेहून किंचित खाली ठेवावी, ती यासाठीही. पंख्याचा झोत थेट तोंडावर घेऊ नये. दर वीस मिनिटांनी वीस फुटांवरच्या एखाद्या वस्तूकडे वीस सेकंद पाहावे हा नियम सगळीकडे सांगितला जातो. आकड्यांना चिकटून राहायचे कारण नाही. पण मधूनमधून मान वर करून खिडकीबाहेर पाहावे, हे खरे.

निळा प्रकाश अडवणाऱ्या चष्म्यांवर मात्र पैसे घालवण्याची गरज नाही. २०२३ मध्ये कॉक्रेन संस्थेने उपलब्ध अभ्यासांचा आढावा घेतला. साध्या काचांच्या तुलनेत या चष्म्यांनी डोळ्यांचा थकवा कमी होत असल्याचे त्यात दिसले नाही.

दोन स्क्रीन कशा मांडाव्यात?

काम मुख्यतः मॉनिटरवर होत असेल तर तो बरोबर नाकासमोर हवा. लॅपटॉप त्याला खेटून, थोडा तिरपा, आणि शक्य तर मॉनिटरइतक्याच अंतरावर ठेवावा. त्यावर फक्त अधूनमधून पाहायच्या गोष्टी असाव्यात, जसे की निरोप, ई-मेल, दिनदर्शिका. दोन्ही स्क्रीन सारख्याच वापरायच्या असतील तर दोघींच्या मधली फट नाकासमोर आणावी. लॅपटॉपची गरजच नसेल तर झाकण बंद करून नुसत्या मॉनिटरवर काम करता येते. व्हिडिओ कॉल तासन् तास चालत असतील तर मात्र कॅमेरा कुठे आहे ते पाहावे. लॅपटॉप उजवीकडे असेल आणि कॅमेरा त्यातच असेल, तर सगळी मीटिंग मान उजवीकडे वळवून होते.

दोन्ही स्क्रीनची प्रखरता जुळवून घ्यावी. स्क्रीनवर कोरे पान उघडावे आणि शेजारी पांढरा कागद धरावा. स्क्रीन कागदापेक्षा दिव्यासारखी उजळ दिसत असेल तर प्रखरता कमी करावी, मळकट दिसत असेल तर वाढवावी.

चाळिशीपुढच्यांसाठी आणखी एक सूचना. प्रोग्रेसिव्ह चष्म्यात जवळचे पाहण्याचा भाग काचेच्या तळाशी असतो. असा चष्मा लावून उंच मॉनिटर पाहायचा तर हनुवटी वर करावी लागते आणि मान मागे मोडते. त्यांनी मॉनिटर आणखी थोडा खाली घ्यावा किंवा संगणकासाठी वेगळा चष्मा करून घ्यावा. डोळे तपासायला जाताना मेजपट्टीने अंतर मोजून न्यावे आणि "मॉनिटर ६५ सेंटिमीटरवर आहे, लॅपटॉप ५० वर" असे सांगावे. नुसते 'जवळचा नंबर' म्हटले तर तो बहुधा पुस्तकाच्या अंतरासाठी, म्हणजे ४० सेंटिमीटरच्या आसपास, काढला जातो. तो लावून मॉनिटर पाहायचा तर माणूस पुढे झुकतोच.

टेबलापासून दूरचे तास मोजा

टेबलावरचा प्रश्न मॉनिटर, कीबोर्ड आणि उंची यांनी सुटतो. मग लॅपटॉपचे इंच कशावरून ठरवायचे? मॉनिटर जवळ नसेल तेव्हाच्या तासांवरून.

आठवडाभर एका कागदावर टिपून ठेवावे. टेबलावर किती तास गेले, बाहेर किती आणि बाहेर नेमके काय काम झाले? बाहेरचे काम म्हणजे प्रवास, एखादी मीटिंग, दोन-चार ई-मेल एवढेच असेल तर १४ इंची पुरतो. त्या आकाराचे लॅपटॉप बहुधा सव्वा ते दीड किलोचे असतात, तर १६ इंची बऱ्याचदा पावणेदोन-दोन किलो किंवा त्याहून जड. त्यांचा चार्जरही जड असतो. अर्धा-पाऊण किलोचा हा फरक दुकानात उचलून पाहताना जाणवत नाही. हुपरीहून कोल्हापूर आणि तिथून पुण्यापर्यंतच्या पाच-सहा तासांच्या प्रवासात, एका खांद्यावर अडकवलेल्या बॅगेत तो जाणवतो. बॅग दोन्ही खांद्यांवर, पाठीला लागून घ्यावी.

बाहेरचे तास जास्त असतील आणि त्यात आकडेमोडीचे लांबरुंद तक्ते, नकाशे किंवा दागिन्यांची डिझाइन पाहायची असतील, तर पारडे १६ इंचीकडे झुकते. दर महिन्याला दहा-बारा दिवस भाड्याच्या खोलीत किंवा साइटवर काढणाऱ्याला मोठी स्क्रीन खरोखर उपयोगी पडते. पन्नाशीच्या माणसाचेही तसेच. त्याला अक्षर मोठे करावेच लागते, आणि मोठ्या अक्षरात १४ इंचीवर मजकूर फारच थोडा मावतो. घरी मॉनिटर आहे म्हणून अशांनी लहानच लॅपटॉप घ्यावा, असे नाही.

गावात राहणाऱ्याने विजेचाही विचार करावा. पावसाळ्यात वीज गेली की मॉनिटर बंद पडतो आणि उरलेले काम लॅपटॉपवर येते. असे तास आठवड्याला एक-दोनच असतील तर त्यासाठी मोठी स्क्रीन घेण्यापेक्षा चांगली टिकणारी बॅटरी पाहावी. इन्व्हर्टर असेल तर मॉनिटरची जोडणीही त्यावर घ्यावी. तासन् तास जात असतील तर तेही बाहेरच्या तासांत धरावेत.

काही मोठ्या लॅपटॉपमध्ये उजवीकडे आकड्यांच्या कळा असतात. हिशेब लिहिणाऱ्यांना त्या हव्याशा वाटतात. पण त्यामुळे टाइप करायच्या कळा डावीकडे सरकतात आणि माणूस स्क्रीनच्या मध्यावर न बसता बाजूला बसतो. आकड्यांच्या कळा हव्याच असतील तर त्या टेबलावरच्या वेगळ्या कीबोर्डवर घेणे सोयीचे.

मांडीवर, खाटेवर, जमिनीवर बसून काम करायची आपल्याकडे सवय आहे. मॉनिटर नसताना लॅपटॉप कितीही इंची असो, अशा बैठकीत मान खालीच जाते. जमिनीवर बसायचेच असेल तर पाठीला भिंत घ्यावी, लॅपटॉप चौरंगावर ठेवावा आणि अर्ध्या तासाने उठावे.

डॉक्टरांकडे केव्हा जावे?

मांडणी सुधारल्यावर स्नायूंचे दुखणे बहुधा दोन-तीन आठवड्यांत उतरू लागते. दुखणे हातात उतरत असेल, बोटांना मुंग्या येत असतील, हातातली पकड कमी झाली असेल, चालताना तोल जात असेल किंवा रात्री दुखण्याने झोपमोड होत असेल, तर स्क्रीनला दोष देत थांबू नये, तपासून घ्यावे. डोळ्यांच्या बाबतीत अचानक धूसर दिसणे, डोळ्यापुढे प्रकाश चमकणे, डोळा लाल होऊन खूप दुखणे किंवा दिव्याभोवती रंगीत वलये दिसणे ही त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांना दाखवायची लक्षणे आहेत. स्क्रीन पाहून मोठ्या माणसाचे डोळे कायमचे खराब होतात, या भीतीला मात्र आधार नाही. डोळे थकतात, कोरडे पडतात आणि बहुधा विश्रांतीने सावरतात.

कल्पनेतल्या त्या घरात आता पुन्हा जाऊ. मुलीने आठवड्याचे तास टिपले. बहुतेक सगळे टेबलावरचे निघाले. बाहेरचे निघाले ते पुण्याच्या वारीतले आणि वीज गेल्यावरचे. तिच्यासाठी १४ इंची योग्य. सोबत वेगळा कीबोर्ड, माऊस आणि मॉनिटरखाली चार जाड पुस्तके. भावाला काळजी होती त्या मानेची सोय या पुस्तकांनी झाली.

मेजपट्टी हाताशी आहेच, तर तिने वडिलांचेही अंतर मोजून घ्यावे. घुंगरू हातात धरल्यावर तो त्यांच्या डोळ्यांपासून किती लांब असतो? ३० सेंटिमीटर असेल तर पुस्तकासाठी केलेला चष्मा त्यांना पुरणार नाही. दिसत नाही म्हणून ते आणखी वाकत राहतील. तेवढा आकडा चिठ्ठीवर लिहून तपासणीला न्यावा, म्हणजे त्यांच्या कामाच्या अंतराचा चष्मा मिळेल.